पुढे पळणारं घड्याळ

मार्चअखेर आमच्या लॅबमध्ये एक कंटाळवाणं काम असायचं. डेडस्टॉक रजिस्टर उघडायचं, एकेक वस्तू कपाटातून काढायची, नंबर जुळवायचा आणि जे कामातून गेलं असेल ते राइट-ऑफच्या यादीत टाकायचं. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होतो. लॅबमधल्या मामांनी चावीची दोन जुनी स्टॉपवॉचेस टेबलावर ठेवली आणि विचारलं, “सर, ही ठेवायची का काढायची? आता तर पोरं मोबाइलच वापरतात.”

मी सहज म्हणून दोन्ही घड्याळं मोबाइलच्या शेजारी ठेवून एकदम चालू केली. पाच मिनिटांनी थांबवली. एक बरोबर चाललं होतं. दुसरं सहा सेकंद पुढे होतं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मामा शांतपणे म्हणाले, “ते पळतंच, सर. पहिल्यापासून.”

तीनशे सेकंदांत सहा सेकंद, म्हणजे दोन टक्के. दोन टक्क्यांनी काय होतं, असं कुणी म्हणेल. मला मात्र एकदम एक आकडा आठवला, तीन वर्षांपूर्वीचा. 941.

एस. वाय. बी. एस्सी.च्या बॅचमधली एक मुलगी बार पेंडुलमचा प्रयोग करत होती. हा प्रयोग ज्यांनी केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक मीटरभर लांबीची, ओळीने भोकं पाडलेली धातूची पट्टी असते. एकेका भोकातून ती सुरीसारख्या धारेवर टांगायची, हलकेच झोका द्यायचा आणि वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा. भोकाचं अंतर आणि आंदोलनकाळ यांचा आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे ‘जी’, काढायचं. एका आंदोलनाला दीड-पावणेदोन सेकंद लागतात. पट्टी दोन्ही बाजूंनी टांगून सगळी भोकं उरकायची म्हणजे दोन तास जातात. मान दुखते.

तिचं उत्तर आलं 941 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. मी तिच्या कच्च्या वहीत त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि म्हटलं, “कुठेतरी चुकतंय. 980 च्या आसपास यायला हवं. बघ जरा.” तिने विचारलं, “सर, परत करू का सगळं?” बॅचची वेळ संपत आली होती, पुढच्या आठवड्यात दुसरा प्रयोग होता, आणि तीन मुलं सहीसाठी मागे उभी होती. मी म्हटलं, “रीडिंग्ज बघ जरा नीट.”

या वाक्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या कुठल्याही विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागत नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या जर्नलमध्ये उत्तर होतं 979. वीस आंदोलनांचे सगळे वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदाने खाली आले होते. मी सही केली.

आता त्या पळणाऱ्या घड्याळाकडे बघत मी गणित मांडलं. घड्याळ दोन टक्के पुढे पळत असेल, तर मोजलेला प्रत्येक वेळ दोन टक्क्यांनी जास्त येणार. ‘जी’ हे आंदोलनकाळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून उत्तर सुमारे चार टक्क्यांनी कमी येणार. 941 ला 1.02 ने दोनदा गुणलं. 979.

तिने काहीही चुकवलं नव्हतं. तिने त्या दुपारी केलेलं मोजमाप त्या लॅबमध्ये कित्येक वर्षांत झालेल्या चांगल्या मोजमापांपैकी एक असावं. आणि मी तिला ते खोडायला लावलं होतं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तिच्या हातात तेव्हा नेमकं हेच घड्याळ होतं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. लॅबमध्ये तशी दोनच होती, म्हणजे शक्यता निम्मी. आकडा इतका नेमका जुळतो, म्हणून निम्म्याहून पुष्कळ जास्त. पण खात्री नाही. खात्री करून घेता आली असती ती त्या दिवशी, पाच मिनिटांत. त्यासाठी तो 941 आकडा कुणीतरी गंभीरपणे घ्यायला हवा होता.

या प्रसंगात नीतीचा जो प्रश्न आहे तो वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. वरवर बघितलं तर ‘खोटी रीडिंग्ज लिहिणं वाईट’, एवढंच. पण तिने नंतर लिहिलेली, उलटं गणित करून बसवलेली रीडिंग्ज खऱ्या रीडिंग्जपेक्षा वास्तवाच्या जास्त जवळ होती! घड्याळ बरोबर असतं तर तिला साधारण तेच आकडे मिळाले असते. म्हणजे तिने प्रामाणिकपणे लिहिलेले आकडे चुकीचे होते आणि बनवलेले आकडे बरोबर. मग बनवण्यात वाईट काय झालं?

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने 2002 साली ‘ट्रूथ अँड ट्रूथफुलनेस’ या पुस्तकात सत्याशी संबंधित दोन गुण वेगळे काढून दाखवले. एक अचूकपणा : आपली समजूत वास्तवाला धरून असावी यासाठी कष्ट घेणं. दुसरा सच्चेपणा : आपल्याला जे वाटतं, जे दिसलं, तेच दुसऱ्याला सांगणं. आपण ‘खरं’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबतो, म्हणून गोंधळ होतो. त्या मुलीच्या दुसऱ्या तक्त्यात आकडे अचूक होते, पण ते उसने होते. ते पाठ्यपुस्तकातून आले होते आणि ‘निरीक्षण’ असं शीर्षक असलेल्या रकान्यात जाऊन बसले होते. त्या रकान्यात लिहिलेली प्रत्येक ओळ ही साक्ष असते. ‘मी इथे उभी होते, मी पाहिलं, मला 33.2 दिसलं.’ साक्षीदाराने न पाहता सांगितलेली गोष्ट योगायोगाने खरी निघाली, तरी ती साक्ष खोटीच असते.

याचा व्यावहारिक परिणाम आमच्या कपाटात पडून होता. ते घड्याळ मामा म्हणाले तसं पहिल्यापासून पळत असेल, तर त्या घड्याळावर वर्षानुवर्षं शेकडो मुलांनी वेळ मोजला. त्या सगळ्यांची उत्तरं कमी यायला हवी होती. एकाच्याही जर्नलमध्ये ती तशी आलेली मला आठवत नाहीत. सगळीकडे 978, 980, 981. शेकडो साक्षीदारांनी घड्याळ चुकीचं असल्याची साक्ष द्यायची ठेवली आणि आपापली उत्तरं दुरुस्त केली. सच्चेपणा नसेल तर अचूकपणाही हळूहळू मरतो, तो असा. चूक दाखवणारी प्रत्येक खूण पुसली गेली, तर ती दुरुस्त कशी होणार?

त्यात आणखी एक गंमत आहे. आमच्या बऱ्याच जर्नल्समध्ये ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’ म्हणून 981 लिहिलेलं असायचं. गुरुत्वत्वरण पृथ्वीवर सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्ताकडे ते कमी, ध्रुवांकडे जास्त. 981 हे लंडन-पॅरिसच्या बाजूला शोभणारं मूल्य आहे. महाराष्ट्रात ते साधारण 978.5 च्या आसपास असतं. म्हणजे आमची मुलं इतक्या निष्ठेने जे उत्तर बनवत होती ते आमच्या गावचं नव्हतंच. हा फरक पाव टक्क्याचा आहे, आमच्या उपकरणांनी तो नीट सापडलाही नसता. पण ‘बरोबर उत्तर’ नावाच्या गोष्टीवर आम्ही किती कमी विचार केला होता, हे त्यातून कळतं.

केमिस्ट्रीवाल्यांना हे वाचून आपलं काही आठवेल. टायट्रेशनच्या तक्त्यात तीन रकाने आणि शेवटी सी. बी. आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. तीन वेळा करायचं, तीनही सारखी आली पाहिजेत. एकदाच करून तीनदा लिहिणारे किती असतात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं. ज्याने खरंच तीनदा केलं आणि 9.8, 10.1, 9.9 लिहिलं, त्याला विचारलं जातं, “हे असं कसं?” ज्याने 9.9 तीनदा लिहिलं, त्याला कुणी काही विचारत नाही.

यावर शिक्षकांच्या खोलीत जो युक्तिवाद होतो तो मी स्वतः अनेकदा केला आहे. वीस मुलांची बॅच, चार सेट, त्यातला एक बिघडलेला. विद्यापीठाने ठरवलेले दहा-बारा प्रयोग सत्रात उरकायचेच. जर्नल सर्टिफाय झालं नाही तर मुलाला परीक्षेला बसता येत नाही. एक्स्टर्नल येतात, ते उत्तर बघतात. अशा ठिकाणी सच्चेपणाचा आग्रह धरणं म्हणजे गरिबाला उपासाचं महत्त्व सांगणं. आणि शेवटी, यात कुणाचं नुकसान होतं? ‘जी’ आहे तिथेच राहतं.

या युक्तिवादातला पहिला भाग खरा आहे आणि तो मुलांच्या बाजूने आहे. ज्या व्यवस्थेत खरं लिहिण्याची किंमत दोन गुण आणि एक अपमान अशी असते आणि खोटं लिहिणं फुकट असतं, तिथे खोटं लिहिणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला चारित्र्याचे धडे देणं ढोंगीपणाचं आहे. किंमत आम्ही ठरवली. लाल वर्तुळ मी काढलं.

दुसरा भाग मात्र खोटा आहे. ‘जी’ला काही होत नाही, हाताला होतं. तोच हात पुढे पॅथॉलॉजी लॅबमध्ये, औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या खोलीत आकडे लिहितो. तिथेही अपेक्षित उत्तर आधी माहीत असतं. तिथेही वरचे साहेब म्हणतात, “बघ जरा नीट.” प्रत्येक जण तिथे खोटं लिहितोच असं मी म्हणत नाही. पण त्या क्षणी काय करायचं याचा सराव तीन वर्षं आम्ही करून घेतलेला असतो, आणि तो चुकीच्या बाजूचा असतो.

एक आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. संगीत शिकणाऱ्या मैत्रिणीने तो घेतला होता. ती म्हणाली, “रियाजात तरी नवीन काय असतं? पंचम कुठे आहे हे तानपुऱ्याला आधीच माहीत असतं. माहीत असलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पोहोचणं म्हणजेच शिकणं. मग ‘जी’चं उत्तर आधी माहीत असलं म्हणून काय बिघडलं?” बरोबर आहे. नवशिक्याला ठरलेल्या वाटेने चालावंच लागतं, उपकरण हाताळण्याची सवय तशीच लागते. पण रियाजात आवाज प्रत्यक्ष लावावा लागतो. ‘आज माझा पंचम लागला’ असं वहीत लिहून गुरूची सही घेता येत नाही. आम्ही लॅबमध्ये वही तपासतो, आवाज ऐकतच नाही.

आणि मोठ्यांचीही यातून सुटका नाही. रॉबर्ट मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. 1913 च्या शोधनिबंधात त्याने 58 थेंबांची आकडेवारी दिली आणि हे निवडून काढलेले थेंब नाहीत, ठरावीक काळात तपासलेले सगळे आहेत, असं ठासून सांगितलं. पुढे इतिहासकार जेराल्ड होल्टन यांनी त्याच्या वह्या पाहिल्या, तेव्हा त्यात पुष्कळ जास्त थेंब निघाले. काहींच्या शेजारी ‘सुंदर, हे छापायचं’ अशा अर्थाचे शेरे होते. मिलिकनच्या बाजूने सांगण्यासारखंही बरंच आहे : बरेच थेंब त्याने उपकरण स्थिरस्थावर होण्याआधी घेतले होते, आणि वगळलेले धरले तरी उत्तरात फारसा फरक पडत नाही. थेंब वगळणं हा गुन्हा नव्हे. कारण लिहून वगळणं हा तर प्रयोगाचाच भाग आहे. ‘वगळले नाहीत’ असं म्हणणं, तिथे गडबड आहे.

त्याचं उत्तर प्रत्यक्षात किंचित कमी आलं होतं, कारण हवेच्या चिकटपणाचं जे मूल्य त्याने वापरलं ते थोडं चुकलेलं होतं. रिचर्ड फाइनमनने 1974 साली कॅलटेकच्या पदवीदान भाषणात याची पुढची गोष्ट सांगितली. मिलिकननंतर ज्यांनी हे मोजमाप केलं त्यांचे आकडे एकदम बरोबर मूल्यावर गेले नाहीत. ते थोडेथोडे वर सरकत गेले. फाइनमनचं स्पष्टीकरण असं की, मिलिकनच्या आकड्यापेक्षा फार वरचं उत्तर आलं की लोक आपली चूक शोधत बसायचे. जवळचं आलं की शोधायचे नाहीत. त्यांनी आकडे बनवले नव्हते. त्यांनी फक्त शंका एकाच बाजूला घेतली. माझ्या लाल वर्तुळाने त्याहून वेगळं काय केलं होतं? 979 आलं तेव्हा मी घड्याळ तपासलं नाही, हे तर उघडच आहे. 941 आलं तेव्हाही घड्याळ तपासलं नाही. मी मुलीला तपासलं.

मग लॅब कशासाठी असते? विद्यापीठीय उत्तर असतं : वर्गात शिकवलेला सिद्धांत पक्का व्हावा म्हणून. या उत्तराचीच तपासणी नताशा होम्स आणि नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेत केली. काही अभ्यासक्रमांत लॅब ऐच्छिक असते. लॅब घेतलेले आणि न घेतलेले विद्यार्थी सिद्धांताच्या परीक्षेत कसे उतरतात, हे त्यांनी ताडून पाहिलं. लॅब घेतल्याने सिद्धांत जास्त कळला, असा मोजता येण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. 2018 साली ‘फिजिक्स टुडे’त त्यांनी हे मांडलं. सिद्धांत पक्का करायला लॅब हे फार महागडं आणि कुचकामी साधन आहे, असा त्याचा अर्थ.

पण त्यांनी लॅब बंद करा असं म्हटलं नाही. त्याआधी डग बॉन यांच्याबरोबर कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी लॅबची रचना बदलून पाहिली होती. त्यातला एक प्रयोग अगदी आपल्या अकरावीतला वाटावा असा आहे : साधा लंबक. दहा अंशांवरून सोडला तर आणि वीस अंशांवरून सोडला तर, आंदोलनकाळ सारखाच येतो का? पुस्तक म्हणतं, झोका लहान असेल तर सारखाच. ढोबळ मोजमापात तो सारखाच येतोही. मग मुलांना सांगायचं, मोजमाप सुधारा आणि पुन्हा तुलना करा. जास्त आंदोलनं मोजली, जास्त वेळा मोजली की एक फरक डोकं वर काढतो, सुमारे अर्ध्या टक्क्याचा. मीटरभर लांबीच्या लंबकाची पन्नास आंदोलनं मोजली तर अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. तो खरा असतो. पुस्तकातलं सूत्रच अंदाजी असतं. आता विद्यार्थी अशा जागी उभा असतो जिथे पुस्तक एक सांगतं आणि त्याचा हात दुसरं. विश्वास कुणावर ठेवायचा हे त्याला ठरवावं लागतं, आणि त्यासाठी आपल्या हाताची चूक किती असू शकते हे आधी माहीत असावं लागतं.

मला या रचनेत नीतीच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. तिथे खोटी रीडिंग्ज लिहून काहीच मिळत नाही. कुठल्या आकड्याला गुण आहेत हेच मुलाला माहीत नसतं. गुण असतात ते पुढे काय केलं आणि का केलं, याला. सच्चेपणाचं व्याख्यान न देता सच्चेपणा स्वस्त केलेला असतो.

त्या मार्चनंतर मी माझ्या बॅचमध्ये चार बदल केले. कशालाही पैसे लागले नाहीत. पहिला : प्रयोगाआधी उपकरणाची परीक्षा. घड्याळ मोबाइलशी लावून बघायचं, मोजपट्टीचा शून्य बघायचा, आणि तो दोष जर्नलमध्ये लिहायचा. दुसरा : कच्च्या वहीत पेनाने लिहायचं, खोडायचं असेल तर एकच रेघ, शेजारी कारण. तिसरा : फळ्यावर सगळ्या बॅचची उत्तरं एका रांगेत लिहायची. वीस आकड्यांत एक वेगळा असेल तर त्या मुलाची चूक असेल. एकाच सेटवरचे पाचही आकडे खाली असतील तर सेटची. ही गोष्ट मुलं स्वतःच ओळखतात, पाच मिनिटांत. चौथा : ‘स्टँडर्ड व्हॅल्यू’ शेवटच्या दिवशी सांगायची.

यामुळे क्रांती झाली नाही. बारा प्रयोगांतले चारच मला असे करून घेता आले. उरलेले पूर्वीसारखेच उरकावे लागले, आणि त्यांत पूर्वीसारखंच चालत असणार. फळ्यावरचे आकडे बघून रात्री जर्नलमध्ये उत्तर ‘नीट’ करणारेही होते. एका वर्षी एक्स्टर्नल म्हणाले, “तुमच्या मुलांची उत्तरं फार विखुरलेली येतात, सर.” मला ते कौतुक वाटलं. त्यांनी ते कौतुक म्हणून म्हटलं नव्हतं.

ते पळणारं घड्याळ मी राइट-ऑफ होऊ दिलं नाही. रजिस्टरमध्ये त्याच्यापुढे लिहिलं : ‘पाच मिनिटांत सहा सेकंद पुढे. शिकवण्यासाठी ठेवणे.’ दर वर्षी नव्या बॅचमधल्या कुठल्यातरी सेटवर मी ते न सांगता ठेवतो. काही वर्षी ते पहिल्याच दिवशी पकडलं जातं. काही वर्षी पकडलं जात नाही, आणि त्या सेटवरून छान 980 उत्तर येतं. तेव्हा मी काही बोलत नाही. घड्याळ मोबाइलच्या शेजारी ठेवतो आणि पाच मिनिटं सगळे मिळून बघत बसतो.

ती मुलगी पुढे काय करते, मला माहीत नाही. कुठे भेटली तर तिला ओळखेन की नाही, हेही सांगता येणार नाही. पण तिला एक सांगायचं राहिलं आहे : तुझं उत्तर खोडायला नको होतं. खोडायचंच होतं तर त्यावरचं माझं लाल वर्तुळ.